दहा लाख नऊ

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा करायला नको. वय झालं की माणूस निवतो म्हणतात. मी निवले नाही. आमच्या शाळेत गणित शिकवणारे सर गेले तेव्हा त्यांच्या दहाव्याला कावळा शिवायला दुपार झाली, असं एका मैत्रिणीनं कळवलं होतं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

आमचं वैर एका संख्येवरून होतं. दहा लाख नऊ. एक, पुढं पाच शून्यं आणि शेवटी नऊ. लिहायला सोपी, दिसायला गरीब. तिच्यामुळं माझं आयुष्य मार्गी लागलं आणि माझ्या बहिणीचं वाटेतच अडलं. आता ह्यात संख्येचा काय दोष? ती जशी होती तशीच होती आणि आजही तशीच आहे. दोष माणसांचा, आणि त्या माणसांत मी पण येते, पण ते शेवटी सांगेन.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, सोलापुरातली. भवानी पेठेत आमची दीड खोली होती. वडील यंत्रमागावर कामाला होते. अम्मा आणि माझी मोठी बहीण घरी विड्या वळायच्या. बहिणीला मी अक्का म्हणायचे, ती माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. अम्माशी बोलणं तेलुगूत चालायचं, पण आम्ही दोघी आपसात मराठीच बोलायचो, अम्माला सगळंच कळायला नको म्हणून. अक्का उंबऱ्यापाशी मांडीवर सूप घेऊन बसायची. पत्र्याच्या मापावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरायचा, वळायचं, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं. पंचवीस झाल्या की एक बंडल, चाळीस बंडलं झाली की हजार. संध्याकाळी माल कारखान्याच्या शाखेत न्यायचा. तिथं तपासणारा माणूस बंडल उचलून बोटांनी दाबायचा आणि नापसंत विड्या तिथल्या तिथं चुरडून टाकायचा. ह्याला छाट काढणं म्हणत. छाट का काढली हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

गणिताचे सर त्याच माळेचे मणी. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, आणि खडू खाली ठेवला की दोन्ही हात असे झटकायचे की जणू आमच्याच अंगावरची धूळ त्यांना लागली होती. दर जूनमध्ये नववीच्या पहिल्या तासाला ते फळ्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात १०,००,००९ लिहायचे, भोवती चौकट काढायचे आणि सांगायचे, "ही माझी संख्या. हिला एकानं भाग जातो आणि हिला हिनंच जातो. तिसरं कुणी हिच्या वाट्याला जाऊ शकत नाही. अशा संख्येला म्हणतात मूळ संख्या. काळ्या दगडावरची रेघ आहे ही." आठवडाभर ती चौकट कुणी पुसायची नाही.

मग कपाटातून वही निघायची. लाल कापडी बांधणीची, वर कागद चिकटवून त्यावर तीच संख्या. ही वही म्हणजे सरांचा देव्हारा होता. सर समजावून चांगलं सांगायचे, तेवढं मी कबूल करते. ते म्हणायचे, समजा हिचे दोन तुकडे पडले, तर दोन्ही तुकडे हजाराच्या वर असू शकत नाहीत, कारण हजार एक गुणिले हजार एक केलं तरी आकडा हिच्या पुढं निघून जातो. म्हणजे एक तरी तुकडा हजारात सापडायला पाहिजे. म्हणून हजारापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघायचं, आणि तशा संख्या आहेत बरोबर एकशे अडुसष्ट. काही वर्षांमागं नववीच्या वर्गात बेचाळीस मुली होत्या. सरांनी प्रत्येकीला चार चार संख्या वाटून दिल्या. बेचाळीस चोक एकशे अडुसष्ट. हा योग बघून सरांना गहिवरून आलं असणार. वहीत एकशे अडुसष्ट ओळी होत्या. प्रत्येक ओळीत भाजक, भाग, बाकी आणि भागाकार करणाऱ्या मुलीचा हजेरी नंबर. बाकीच्या रकान्यात एकही शून्य नाही. पानाखाली सरांची वळणदार सही.

ती नववी अक्काची होती. मला एवढंच माहीत होतं. अक्कानं त्या वहीबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

दहावीला तेव्हा गणिताचे दोन रस्ते असायचे. एक बीजगणित-भूमितीचा, त्यानं गेलं तरच पुढं सायन्स. दुसरा साध्या गणिताचा, आणि तो मुलींसाठी बरा असं उघड म्हटलं जायचं. कुणाला कुठल्या रस्त्यानं धाडायचं ती यादी नववीच्या शेवटी सर करायचे. मला सायन्सला जायचं होतं. सायन्समध्ये काय असतं ते मला ठाऊक नव्हतं, पण तिथं सूप नसतं एवढं नक्की ठाऊक होतं.

यादीच्या दिवशी मी उभी राहिले. "सर, मला बीजगणित पाहिजे."

सरांनी टोपी सारखी केली. "तुझी बहीण माझ्या वर्गात होती. सोळा नंबर. तिला साधा भागाकार जमत नव्हता. तुमच्या घरात शिक्षण सुपापाशी येऊन थांबतं, बाळ. तू कशाला शाळेचा निकाल खाली आणतेस?"

वर्ग हसला. मी कोण कोण हसलं ते मोजून ठेवलं. एकोणीस जणी. सगळ्यांची तोंडं मला अजून आठवतात.

मी बसले नाही. तेव्हा सरांना गंमत सुचली. फळ्यावर पुन्हा १०,००,००९ लिहून म्हणाले, "बरं, एक करू. माझ्या संख्येला भाग घालून दाखव. ज्या दिवशी दाखवशील त्या दिवशी यादीत तुझं नाव पहिलं. महिनाअखेरपर्यंत यादी माझ्या खिशात आहे." आणि हात झटकले.

त्यांना वाटलं, आता ही गप्प बसेल. माझ्या मनात त्या घटकेला सायन्स नव्हतं की बीजगणित नव्हतं. ह्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं मला बघायचं होतं. वहीत एकशे अडुसष्ट ओळी आहेत, मग त्यातली एक तरी चुकीची असेल. बेचाळीस पोरींनी केलेलं काम; त्यात एखादी तरी माझ्यासारखी आळशी असणारच.

वडिलांनी मागाच्या कारखान्यातून चादरीच्या नक्षीचा जुना चौकटीचा कागद आणला होता. मागची बाजू कोरी होती, आणि पुढच्या चौकटी मागून पुसट दिसायच्या. मी पंचवीस-पंचवीस घरांच्या चाळीस ओळी आखल्या, हजारापर्यंत आकडे भरले आणि छाट काढायला बसले. दोनच्या पाढ्यातले खोडले, तीनच्या पाढ्यातले, पाचच्या, सातच्या. शेवटी एकतीसच्या पाढ्यातले खोडले आणि उरलेल्या मोजल्या. एकशे अडुसष्ट भरल्या. सरांचं तेवढं खरं होतं, ह्याचा मला राग आला.

मग भागाकार. सकाळी नळाला पाणी यायच्या आधी तीन, शाळेतून आल्यावर तीन. सातानं तीन उरले. सतरानं एक उरला. एकोणिसानंही एकच उरला. तोंडाशी येऊन घास पडावा तसं व्हायचं. सत्त्याण्णवनं छत्तीस. पाटी पुसायची, पुढची संख्या घ्यायची. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. अक्काला तर नाहीच, कारण सरांचं ते बोलणं तिच्या कानावर घालायची माझी छाती नव्हती. ती समोर बसून वळत असायची आणि मधूनच माझ्या पाटीकडं नजर टाकायची. एकदा मला हातचा विसरताना बघून म्हणाली, "दोन हातचे." बस, एवढंच.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मी बासष्टाव्या संख्येवर आले. त्याआधी दोनशे त्र्याऐंशीनं भागलं होतं, एकशे सत्तर उरले होते. आता दोनशे त्र्याण्णव. हजारातून आठशे एकोणऐंशी गेले. पुढं शून्य उतरवलं, चार वेळा गेला. पुन्हा शून्य, एकदा गेला. शेवटचा नऊ खाली उतरवला आणि खाली काय उभं राहिलं, तर आठशे एकोणऐंशी. तेच, जे पहिल्या पायरीला वजा केले होते. दोनशे त्र्याण्णव त्रिक आठशे एकोणऐंशी. खाली काही उरलं नाही. मी पाटी नाकाशी धरून बघत राहिले.

"तीन हजार चारशे तेरा," अक्का म्हणाली. मान वर न करता, दोरा दातानं तोडत.

माझी पाटी तिच्याकडं पाठ करून होती. तिला ती दिसणं शक्य नव्हतं.

"तुला कसं ठाऊक?"

"मीच काढलं होतं की," ती म्हणाली. आणि मग पाच वर्षांत पहिल्यांदा बोलली. बोलताना हात थांबले नाहीत.

तिच्या वाट्याला दोनशे त्र्याऐंशी, दोनशे त्र्याण्णव, तीनशे सात आणि तीनशे अकरा आल्या होत्या. दुसरीलाच शून्य आलं. तिला वाटलं, सर खूश होतील, सगळ्यांना बोलावून दाखवतील. ती पळत टेबलापाशी गेली. सरांनी बघितलं आणि म्हणाले, परत कर. तिनं केलं. परत शून्य. परत कर. तिसऱ्यांदा शून्य आलं तेव्हा सरांनी तिच्या हातातून कागद घेतला, स्वतःच्या रबरानं ते शून्य खोडलं आणि म्हणाले, "उद्या दिपोटी येणार आहेत. त्यांना मी ही मूळ संख्या म्हणून दाखवणार आहे. बाकी घेऊन आल्याशिवाय खाली बसायचं नाही." दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांच्या नावानं आमच्या शाळेत हेडबाईंनासुद्धा घाम फुटायचा.

"मग?"

"मग काय? दुपारभर उभी हुते. पोरी बघत हुत्या. मी इचार केला, ह्यांना बाकी पायजे न्हवं का, देऊ की. तेराच्या जागी बारा लिवलं. एक भाग कमी दिला. किती उरंल?"

मी मनात केलं.

"दोनशे त्र्याण्णव," मी म्हणाले.

"भाग तीन हजार चारशे बारा, बाकी दोनशे त्र्याण्णव. वहीत माझ्या हातचं हाय. एक अक्षर खोटं न्हाय त्यात. त्यांनी बघितलं, शून्य न्हाय. म्हनले, आता कसं आलं! आन सही केली."

बाकी भाजकापेक्षा लहान पाहिजे, हे तिसरीतलं पोरही सांगतं. भाजकाएवढी बाकी उरली म्हणजे अजून एक भाग जायचा राहिलाय. सरांनी एवढंही बघितलं नाही. त्यांना शून्य नको होतं, तेवढंच त्यांनी तपासलं. पाच वर्षं ते ती वही मिरवत होते आणि पाच वर्षं ती ओळ सोळा नंबराच्या अक्षरात तिथं बसून होती. अक्कानं पानाखाली सुरी दडवून ठेवली होती आणि मी शेजारी बसून तिला मठ्ठ समजत होते.

तिची शाळा दुष्काळाच्या साली माग बंद पडले म्हणून सुटली, असं मला वाटायचं. तेही खरं नव्हतं. वर्षाच्या शेवटी सरांनी अम्माला बोलावून सांगितलं होतं, "मुलीचा हात बरा आहे, डोकं नाही. घरी बसवा." अम्मानं हात जोडले आणि जूनपासून अक्काच्या मांडीवर सूप आलं. गुरुजी म्हणतात ते खोटं कसं असेल?

पुढं कॉलेजात गेल्यावर मला त्या संख्येची आणखी एक गंमत कळली. ती हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग आहे, हे कुणालाही दिसतं. पण नऊशे बहात्तरचा वर्ग अधिक दोनशे पस्तीसचा वर्ग केला तरी तीच येते. आणि जी विषम संख्या अशी दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी दोन वर्गांत मोडते, ती मूळ असूच शकत नाही. एकही भागाकार न करता हे सांगता येतं, आणि त्या चार आकड्यांवरून दोनशे त्र्याण्णव आणि तीन हजार चारशे तेरा हे दोन्ही तुकडे हाताशी येतात. वर्गात हे ऐकलं तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. आणि हेही कळलं की दहा लाख तीन ही खरोखरीची मूळ संख्या आहे. सरांनी तिच्यावर बोट ठेवलं असतं तर ते जन्मभर सुखात राहिले असते. पण सहा घरं पुढं जाऊन बसायची त्यांना हौस.

तर त्या संध्याकाळी मी उठून उभी राहिले. "मी आत्ता जाते त्यांच्या घरी."

"खाली बस," अक्का म्हणाली. "एकटीनं सांगितलंस तर परत खोडतील. रबर त्यांच्याकडंच हाय. सोमवारी दिपोटी येनार म्हनत हुतीस न्हवं?"

"येणार आहेत."

"मग तू काय बी सिद्ध करू नको. फकस्त त्यांना ती ओळ वाचायला लाव. त्यांच्या तोंडानं." मग ती थांबली. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिचे हात थांबले. "आन कुनी काढलं म्हून इचारलं, तर सोळा नंबरनं म्हून सांग. एवढंच सांग. बाकी मला काय नको."

"सांगीन की," मी म्हणाले.

सोमवारपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही, आणि तरी मी आयुष्यात कधी इतकी आनंदात नव्हते. मनातल्या मनात मी सरांना शंभरदा ती ओळ वाचायला लावली. सूड घेण्यापेक्षा त्याची वाट बघण्यात जास्त गोडी असते, हे मला पंधराव्या वर्षीच कळलं.

दिपोटी आले. जाडसर, चष्मेवाले, कंटाळलेले. हेडबाई मागं, शिपाई चहा घेऊन. सरांनी फळ्यावर संख्या आधीच काढून ठेवली होती, रंगीत खडूची चौकट करून. भाषण झालं. वही निघाली. साहेबांच्या पुढ्यात धरून सर म्हणाले, "कुठलीही मूळ संख्या सांगा, साहेब. आमच्या मुलींनी भागून ठेवलंय."

साहेब म्हणाले, "मुलींनाच विचारू. सांगा गं कुणीतरी."

माझा हात त्यांचं वाक्य संपायच्या आत वर होता. सरांच्या कपाळाला आठी पडली, पण साहेबांसमोर काय करणार? "दोनशे त्र्याण्णव," मी म्हणाले.

सरांनी पान उलटलं. ओळीवर बोट ठेवलं आणि देवळात पोथी वाचावी तशा आवाजात वाचलं, "भाजक दोनशे त्र्याण्णव. भाग तीन हजार चारशे बारा. बाकी दोनशे त्र्याण्णव."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "बाकी किती म्हणालात?"

"दोनशे..." सर म्हणाले आणि थांबले.

तो क्षण मी आजही हवा तेव्हा काढून बघते. त्यांचं बोट त्या ओळीवरच होतं. ते आधी लाल झाले, मग वहीच्या कागदासारखे पिवळट झाले. तोंड उघडं राहिलं होतं. पहिल्या बाकावरच्या एकीला सगळ्यात आधी कळलं आणि तिनं तोंडावर हात दाबला. मग दुसरी. मग सगळा वर्ग खुसखुसायला लागला. ज्या एकोणीस जणी मला हसल्या होत्या त्याही हसत होत्या, आणि ह्या वेळी मी त्यांना माफ केलं.

"लिहिताना चुकलं असेल मुलीचं," सर म्हणाले.

"बघू ना," म्हणत साहेबांनी खडू माझ्या हातात दिला. मी फळ्यावर गेले आणि सरांच्या रंगीत चौकटीच्या बरोबर खाली भागाकार मांडला. मुद्दाम हळू केला. शेवटचे आठशे एकोणऐंशी वजा करून खाली शून्य काढलं. चांगलं वाटीएवढं. मग खडू ठेवला आणि दोन्ही हात झटकले, सर झटकायचे तस्से. वर्ग फुटला. हेडबाईंनी टेबलावर पट्टी आपटली तरी हसू थांबेना.

साहेब चष्मा काढून फळ्याकडं बघत होते. त्यांचा कंटाळा पार गेला होता. "हे तुला आधीच ठाऊक होतं," ते मला म्हणाले. "ही संख्या तू उगाच नाही सांगितलीस. कुणी काढलं हे?"

सोळा नंबर. दोन शब्द. जिभेच्या टोकावर होते. सर माझ्याकडं बघत होते, हेडबाई बघत होत्या, आख्खा वर्ग बघत होता, आणि एवढी माणसं माझ्याकडं एकदम बघतायत असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

"मी," मी म्हणाले.

नंतर मी ह्याला पुष्कळ कारणं जोडली. मी खरंच भागाकार केले होते की, बासष्ट केले होते. बहिणीचं सांगितलं असतं तर सर म्हणाले असते, वहीत तर तिनं बाकी लिहिली आहे. यादीत नाव यायला मी काढलं असंच सांगणं भाग होतं. ही सगळी कारणं घरी जाताना रस्त्यात सुचलेली आहेत. फळ्यापाशी उभी होते तेव्हा ह्यातलं एकही माझ्या डोक्यात नव्हतं. तिथं फक्त मी होते.

साहेबांनी खिशातलं शाईचं पेन काढून मला दिलं. हेडबाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

सरांचं पुढं काय झालं ते सांगून टाकते, मग घरी जाऊ. यादीत माझं नाव पहिलं आलं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि लिहिताना मी समोर उभी राहून बघितलं. लाल वही पुन्हा कपाटातून निघाली नाही. पुढच्या जूनमध्ये फळ्यावर चौकट आली नाही. पण पोरी कुठं सोडतात? शाळेच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, संडासाच्या दारावर खडूनं २९३ दिसायला लागलं. सरांच्या सायकलीच्या सीटवर तर रोज असायचं. ते मी लिहायचे. धोतराला मागं उमटायचं. वर्षभरात त्यांनी बदली मागून घेतली. मला एका दिवसाचाही पश्चात्ताप झाला नाही.

त्या सोमवारी मी धावतच घरी आले. अक्का उंबऱ्यात बसली होती. मी दप्तर न काढताच सगळं सांगितलं. सरांनी पोथीसारखं वाचलं ते, साहेबांनी कप खाली ठेवला ते, सरांचं बोट, सरांचं तोंड. अक्का हसायला लागली. तिला इतकं हसताना मी लहानपणी बघितलं असेल तेवढंच. हसताना सूप हललं, तंबाखू मांडीवर सांडला, तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदरानं डोळे पुसले. "बाकी दोनशे त्र्यान्नव म्हनले? आपल्या तोंडानं?" मला तिनं तीन वेळा सांगायला लावलं. आतून अम्मा तेलुगूत ओरडली, काम सोडून काय चाललंय म्हणून.

मग ती म्हणाली, "दिपोटींनी इचारलं आसंल की, कुनी काढलं म्हून."

"विचारलं."

"मग?"

माझ्या मुठीत पेन होतं. नवंकोरं नव्हतं, पण टोपणाला सोनेरी पट्टी होती. अक्काचं लक्ष त्याच्याकडं गेलं. तिनं माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं, पेनाकडं एकदा बघितलं आणि हात पुढं केला. मी पेन दिलं. तिनं लुगड्याला बोटं पुसली, टोपण काढलं, सुपातलं कापून उरलेलं पानाचं कातरण घेतलं आणि त्यावर हळूहळू लिहिलं. ३४१३. शाई पानावर नीट धरत नव्हती. तिनं शेवटचा तीन पुन्हा गिरवला. मग टोपण लावून पेन मला परत दिलं.

"चांगलं चालतंय," ती म्हणाली आणि सूप मांडीवर घेतलं.

मी त्याच पेनानं दहावी लिहिली, बारावी लिहिली, पुढं गणितच घेतलं आणि आयुष्यभर गणितावरच पोट भरलं. अक्का लग्न होऊन पलीकडच्याच पेठेत गेली आणि तिथंही सूप बरोबर गेलं. आता तिची बोटं वळत नाहीत. मी महिन्याकाठी जाते, चहा होतो, नातवंडांचं बोलणं होतं. त्या सोमवारचा विषय तिनं परत काढलेला नाही. मी एकदोनदा तोंड उघडलं तर ती म्हणाली, "लई जुनं झालं ते," आणि साखर किती घालू म्हणून विचारलं.

डूख धरण्यात मी स्वतःला पटाईत समजते. पण ही विद्या आमच्या घरात खरी कुणाची आहे, ते मला ठाऊक आहे. सरांसाठी ती पाच वर्षं गप्प बसली होती. माझ्यासाठी गप्प बसून तिला आता पन्नास वर्षं होत आली, आणि दर महिन्याला तिच्या घरची पायरी चढताना मला वाटतं, आज ती बोलेल.